‘झपाटलेला’ आणि प्रेक्षकांचे अभिप्राय : भय व हास्य यांच्या आश्रयाचा प्रश्न

भय आणि हास्य या दोहोंचा एकाच कृतीत संगम घडवू पाहणाऱ्या चित्रपटांविषयी प्रेक्षकांची मते सहसा दुभंगलेली आढळतात. एक पक्ष म्हणतो, ‘भीती वाटत नाही, मग हा भयपट कसला ?’ दुसरा म्हणतो, ‘हसविण्यासाठी भुताचा खटाटोप कशाला ?’ ‘झोंबिवली’ (२०२२) हा मराठी आणि कोकणातील मुंज्याच्या समजुतीवर आधारलेला ‘मुंज्या’ (२०२४) हा हिंदी चित्रपट, या आदित्य सरपोतदार यांच्या दोन्ही कृतींच्या निमित्ताने हा वाद पुन्हा ऐकू येऊ लागला. तथापि या प्रकारचे मराठीतील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ होय. त्यास तीन दशके उलटून गेल्यामुळे त्याविषयीचे अभिप्राय एका पिढीच्या बालपणापासून प्रौढपणापर्यंत पसरलेले आहेत. आणि म्हणूनच ते अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. या अभिप्रायांची भाषा बारकाईने पाहिली असता त्यांतील विरोध पुष्कळ अंशी आभासात्मक ठरतो, आणि खरा प्रश्न भय किती व हास्य किती हा नसून भय कोणाच्या ठायी व हास्य कोणाच्या ठायी हा आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१

‘झपाटलेला’विषयी सर्वसाधारणपणे जी विधाने ऐकू येतात त्यांत दोन विधाने जवळजवळ ठराविक झालेली आहेत. पहिले : ‘लहानपणी तात्या विंचूची फार भीती वाटायची.’ दुसरे : ‘आता पाहताना हसू येते.’ बहुधा ही दोन्ही विधाने एकाच तोंडून, एकापाठोपाठ येतात. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. दोहोंतही अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत, म्हणजे ‘मला’ या रूपात, अध्याहृत किंवा उक्त असते. भीती ‘वाटते’, हसू ‘येते’; प्रेक्षक ती क्रिया करीत नाही, ती त्याच्या ठायी घडते. भेद आहे तो काळाचा. भय ‘वाटायची’ या रीतिदर्शक भूतकाळात, तर हास्य साध्या वर्तमानात. म्हणजे प्रेक्षक आपल्या आयुष्याचे दोन भाग करून एकास भय आणि दुसऱ्यास हास्य वाटून देतो. चित्रपट तोच, बदलला आहे तो ‘मला’.

याच्या शेजारी तिसरे एक विधान ठेवावे : ‘चित्रपट भीतीदायक नाही.’ येथे ‘मला’ नाहीसे झाले आहे. जो अनुभव व्यक्तीच्या ठायी होता तो आता कृतीच्या अंगचा गुण, किंवा गुणाचा अभाव, म्हणून सांगितला जातो. ‘मला भीती वाटली नाही’ आणि ‘चित्रपट भीतीदायक नाही’ या दोन वाक्यांमधील अंतर व्याकरणदृष्ट्या अल्प वाटले, तरी समीक्षेच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. पहिले वाक्य साक्ष आहे, दुसरे निवाडा. प्रौढ प्रेक्षक आपल्या साक्षीचे निवाड्यात रूपांतर करतो तेव्हा त्याने स्वतःच दिलेली लहानपणची साक्ष तो नकळत रद्द करीत असतो. चित्रपटाविषयी पुष्कळसा वाद या एका निसरड्या जागेवर उभा आहे.

२

भय आणि हास्य यांचे वैर हा शोध आजचा नव्हे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी रस म्हणून भयानक आणि करुण यांचा निर्देश केला आहे. परंतु विरोधी रसांची योजनाच निषिद्ध आहे असे शास्त्रकारांचे म्हणणे नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात या विरोधाच्या परिहाराचे दोन मार्ग सांगितले आहेत. एकाच आश्रयाच्या ठायी नांदू न शकणारे रस भिन्न आश्रयांच्या ठायी ठेवावेत. उदाहरणार्थ वीर नायकाच्या ठायी आणि भयानक प्रतिनायकाच्या ठायी. आणि जे रस लागोपाठ येण्याने एकमेकांस मारक होतात, त्यांच्यामध्ये तिसरा अविरोधी रस घालावा. ‘नागानंद’ नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो तो असा.

‘झपाटलेला’त हे दोन्ही मार्ग अनुसरलेले दिसतात. ते शास्त्र वाचून अनुसरले असा दावा करण्याचे कारण नाही; लोकरंजनाच्या परंपरेत रंगमंचावरील अनुभवाने जे हाती लागते, तेच शास्त्रकार सूत्ररूपाने सांगत असतात. पोलिसांच्या गोळीने मरणारा गुन्हेगार तात्या विंचू मंत्रबळाने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला लक्ष्या नावाच्या भोळ्या तरुणाकडे येतो. आणि ज्याच्यापाशी आपली खरी ओळख प्रथम सांगितली त्याच्याच देहात आता शिरता येईल, हे कळल्यावर बाहुला लक्ष्याच्या पाठीस लागतो. या कथेत भयाचा आश्रय एकच, तो म्हणजे लक्ष्या. भोवतालच्या मंडळींना बाहुल्यात भिण्यासारखे काहीच दिसत नाही, म्हणून त्यांच्या ठायी भय नाही. आणि लक्ष्याचे भय त्यांना हास्यास्पद वाटते. लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी हेच येथे हास्याचे आलंबन होय. ज्याच्या ठायी भय आहे त्याच्याच भयावर इतरांचे हास्य उभे आहे.

आणि या दोहोंमध्ये अद्भुत आहे. निर्जीव बाहुल्याची मान वळते, ओठ हलतात, तो क्षण भयाचाही नसतो आणि हास्याचाही नसतो. तो निव्वळ विस्मयाचा असतो. या बाहुल्यामागे रामदास पाध्ये यांची कला होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांच्या ‘अर्धवटरावा’ने मराठी प्रेक्षकास बोलक्या बाहुल्याला हसण्याची सवय लावलेली होती. त्याच सवयीच्या पोटात ‘झपाटलेला’ने भय ठेवले. शिवाय लक्ष्या हा स्वतः शब्दभ्रमाचा नाद असलेला, आडनावाने ‘बोलके’. बाहुला खरोखरच बोलू लागतो तेव्हा तो लक्ष्याच बोलवीत आहे असे लोकांस वाटावे, हे त्याच्या कलेमुळेच क्रमप्राप्त होते. ज्या कौशल्याने त्याने लोकांना हसवावयाचे, तेच कौशल्य त्याच्या सत्यकथनावरील विश्वास हिरावून घेते. चित्रपटातील सर्वांत सरस कल्पना हीच होय. येथे भय आणि हास्य एकमेकांशेजारी आणून ठेवलेले नाहीत. ते एकाच कारणातून उगवतात.

३

या चित्रपटाचे कथासूत्र टॉम हॉलंड दिग्दर्शित ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटावर बेतलेले आहे, हे सर्वश्रुत आहे. मरणारा गुन्हेगार, मंत्र, बाहुला, ओळख प्रथम कळलेल्या व्यक्तीच्या देहाचा हव्यास, हे सारे तेथलेच. त्यामुळे ‘ही तर नक्कल’ असाही एक अभिप्राय नेहमी ऐकू येतो. तो वस्तुस्थितीस धरून असला तरी एक गोष्ट त्यात सुटते. मूळ चित्रपटात बाहुला ज्याच्या पाठीस लागतो तो अँडी हा सहा वर्षांचा मुलगा आहे. मराठी चित्रपटात त्याच्या जागी वयाने वाढलेला तरुण आला. हा बदल वरवरचा नाही. भयाचा आश्रयच येथे बदलला आहे. सहा वर्षांच्या मुलावर संकट आले असता प्रौढ प्रेक्षक हसू शकत नाही, कारण तो आपोआप पालकाच्या भूमिकेत जातो. लक्ष्यासारख्या थोराड माणसाने बाहुल्यास भ्यावे, यात मात्र प्रौढास विसंगती दिसते. आणि विसंगती दिसली की हसू आले.

परंतु सभागृहातील लहान मुलास ही विसंगती दिसत नाही. बाहुल्यास भिणारा, आपले म्हणणे मोठ्यांना पटवू न शकणारा, आईच्या आधाराने राहणारा लक्ष्या त्यास आपल्यातलाच वाटतो. न. चिं. केळकरांनी काव्यानंदाची उपपत्ती ‘सविकल्प समाधी’ या कल्पनेने लावली : रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण आपलेपण गमावीत नाही. प्रौढाची समाधी अशी सविकल्प असते. मुलाच्या समाधीत विकल्प क्षीण असतो. म्हणून लक्ष्याच्या ठायी असलेले भय प्रौढास बाहेरून दिसते आणि मुलास आतून जाणवते. शास्त्रात ‘आश्रय’ ही संज्ञा काव्यगत पात्राविषयी येते, हे खरे. परंतु प्रेक्षक कोणत्या पात्राच्या ठायी स्वतःस ठेवतो यावर त्याचा अनुभव ठरत असल्याने ती येथे एक पाऊल पुढे नेणे अपरिहार्य आहे. ‘भीती वाटायची’ आणि ‘हसू येते’ ही दोन विधाने एकमेकांस खोटी पाडीत नाहीत. ती दोन आश्रयांहून केलेली आहेत.

भाषेनेही या दुहेरीपणास साहाय्य केले आहे. ‘तात्या’ हे घरातील वडीलधाऱ्याचे संबोधन. एरवी ‘तात्या आले’ असे आदरार्थी बहुवचन त्यास सहज लागते. ‘विंचू’ जोडताच मात्र ‘तात्या विंचू आला’ असे एकवचन होते. याउलट त्याच्या जिवंत साथीदाराचे नाव ‘कुबड्या खवीस’. खवीस हा लोकसमजुतीतील भुताचा प्रकार. म्हणजे माणसास भुताचे नाव आणि भुतास घरच्या माणसाचे. बाहुल्यास दर्शविणारे ‘तो’ हे सर्वनामही असेच उभयान्वयी आहे : मराठीत बाहुला हा पदार्थही ‘तो’ आणि खलनायक हा पुरुषही ‘तो’. इंग्रजीत निर्जीवास आणि पुरुषास वेगवेगळी सर्वनामे आहेत, त्यांतून एक निवडावे लागते. मराठी वक्त्यास ती निवड करावी लागत नाही. खुद्द ‘झपाटलेला’ हे विशेषणही विशेष्यावाचून उभे आहे. झपाटलेला कोण, तात्याने व्यापलेला बाहुला, की बाहुल्याने पिच्छा पुरविलेला लक्ष्या ? शीर्षक ते सांगत नाही.

४

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुलाचे भय ही अपक्व प्रतिक्रिया असून तिला अभिप्रायाचे मोल देता येणार नाही. यावर उत्तर एवढेच की, जी कृती कुटुंबाने एकत्र बसून पाहण्यासाठी निर्माण झाली तिच्या प्रेक्षकवर्गातून मुलास वगळून तिचे परीक्षण करणे म्हणजे अर्धीच कृती परीक्षणे होय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आजचे हसू तंत्राच्या जुनेपणामुळे येते, कलेमुळे नव्हे. हे काही अंशी मान्य केले पाहिजे. ‘चित्रपटात हसणे’ आणि ‘चित्रपटाला हसणे’ या भिन्न क्रिया आहेत, आणि अभिप्राय नोंदविताना हा विभक्तिभेद राखला पाहिजे. गाणी आणि इन्स्पेक्टर महेशच्या पराक्रमाचे प्रसंग भयाचा धागा वारंवार तोडतात, हा दोषही नाकारण्यासारखा नाही. अद्भुताप्रमाणे ते दोन रसांमध्ये दुवा होत नाहीत, केवळ थांबा होतात.

परंतु तंत्र हेच सर्वस्व असते तर २०१३ सालच्या ‘झपाटलेला २’ने पहिल्यास मागे टाकावयास हवे होते. त्यात त्रिमितीचे साधन होते, बाहुलाही होता. नव्हते ते लक्ष्मीकांत बेर्डे. त्यांचे २००४ साली निधन झाले होते. नायक म्हणून लक्ष्याचा मुलगा आला. ‘पहिल्याची सर नाही’ हा त्याविषयी वारंवार ऐकू येणारा शेरा स्मरणरंजन म्हणून सोडून देण्याजोगा नाही. भयाचा जो आश्रय प्रौढास हसवीत होता आणि मुलास आपला वाटत होता, तो गेला, हे त्या शेऱ्याचे तात्पर्य होय.

सारांश, भयहास्यपटाविषयीची मते तपासताना त्यांची सरासरी काढून भागणार नाही. ‘भीतीदायक’ आणि ‘भीतीदायक नाही’ यांची बेरीज ‘मध्यम भीतीदायक’ अशी होत नाही. प्रत्येक मत कोणत्या वयात, कोणाशेजारी बसून आणि कोणत्या पात्राच्या ठायी राहून बनले, याची नोंद त्यासोबत असावयास हवी. ज्यांनी १९९३ नंतरच्या वर्षांत हा चित्रपट अंगावर पांघरूण ओढून पाहिला ते आज आपल्या मुलांना तो दाखवितात, आणि दाखविताना म्हणतात, ‘घाबरू नकोस, गंमत आहे.’ या वाक्यातील पहिला भाग त्यांच्या बालपणाची साक्ष आहे आणि दुसरा त्यांच्या प्रौढपणाचा निवाडा. चित्रपट दोहोंसही पुरून उरतो. समीक्षेने मात्र आजवर दुसराच भाग टिपून घेतला. पहिल्याची नोंद व्हावयाची राहिली आहे, आणि तो सांगणारे जोवर सांगत आहेत तोवरच ती होऊ शकेल.