करदाता आणि भूमिदाता : नवी मुंबईच्या संदर्भात उत्तरदायित्वाचा विचार

लोकशाहीतील उत्तरदायित्वाची मीमांसा बहुधा करापासून सुरू होते. ज्याच्याकडून पैसा घेतला त्यास त्या पैशाचा हिशेब दिला पाहिजे, ही कल्पना इतकी सर्वमान्य झाली आहे की तिची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावण्यास वा वसूल करण्यास मनाई करणारा भारतीय संविधानाचा २६५ वा अनुच्छेद हा याच कल्पनेचा आविष्कार होय. परंतु सार्वजनिक संस्थेचे उत्पन्न जेथे मुख्यतः करातून येतच नाही, तेथे हे तत्त्व कितपत पुरे पडते? नवी मुंबईचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे.

या विषयाची चर्चा महाराष्ट्रास नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली मध्यवर्ती कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर केलेले पहिले भाषण प्रसिद्धच आहे. सरकारी तिजोरीत त्या काळी वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती व ती सुस्थितीचे लक्षण म्हणून पुढे केली जात होती. दुष्काळाने आणि प्लेगने गांजलेल्या देशातील ही शिल्लक प्रजेच्या समृद्धीची नव्हे, तर करभाराच्या अतिरेकाची साक्ष देते, असा गोखल्यांचा आक्षेप होता. १८९२ च्या कायद्यान्वये सभासदांना अंदाजपत्रकावर चर्चा करता येई. मत मात्र देता येत नसे. हिशेब ऐकण्याचा अधिकार होता, तो नामंजूर करण्याचा नव्हता. हिशेब मांडणे आणि हिशेबाने बांधले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद येथे ध्यानात ठेवला पाहिजे.

मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची कंपनी कायद्याखाली स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांचे क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आले. शासनाने दिलेले मूळ भांडवल सुमारे ४ कोटी रुपयांचे होते. एवढ्या भांडवलावर शहर उभे राहत नाही. ते उभे राहिले जमिनीवर. शेतजमीन व मिठागरे संपादन करावयाची, तेथे रस्ते, पाणी व वीज आणावयाची, विकसित भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाचे आणि मिळालेल्या अधिमूल्यातून पुढील विकास साधावयाचा, अशी ही योजना होय.

या योजनेमागील तत्त्व न्याय्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रस्ता झाल्याने जमिनीस जी किंमत येते ती समाजाच्या श्रमाचे फळ असते. ती सट्टेबाजाच्या हाती न जाता सार्वजनिक कार्यास लागावी, हा विचार आक्षेपार्ह नाही. अडचण उद्भवते ती अन्यत्र. भूखंडाचे अधिमूल्य हा कर नव्हे, तेव्हा विधिमंडळाने त्याचा दर ठरविण्याचा प्रश्न येत नाही. ते शुल्कही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या प्रकरणात कर आणि शुल्क यांतील भेद सांगताना, शुल्क हे विशिष्ट सेवेचा मोबदला असते असे प्रतिपादन केले. अधिमूल्य या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. ते कराराने येते. परिणामी सार्वजनिक स्वरूपाचे फार मोठे उत्पन्न करविषयक उत्तरदायित्वाच्या कक्षेबाहेर राहते.

याचा अर्थ महामंडळ कोणासच जबाबदार नाही असा नव्हे. शासकीय कंपनी या नात्याने त्याचे लेखे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या तपासणीस पात्र आहेत व त्यासंबंधीचे अहवाल विधिमंडळापुढे येतात. तथापि ही जबाबदारी वरच्या दिशेने जाणारी आहे. संचालक शासन नेमते, शासन विधानसभेस जबाबदार असते आणि २८८ सदस्यांच्या त्या सभेत या भूभागाचे प्रतिनिधी मोजकेच असतात. ज्याची जमीन गेली त्याच्यापर्यंत हिशेब पोहोचण्याचा मार्ग इतका लांबचा आहे. तो मार्ग अपुरा पडला तेव्हा काय झाले, हे जानेवारी १९८४ मध्ये दिसून आले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के प्रमाणात विकसित भूखंड देण्याचे धोरण पुढे १९९० च्या दशकात आकारास आले, त्यास या आंदोलनाची पार्श्वभूमी आहे. म्हणजे वाढीव मूल्यात भूमिदात्याचाही वाटा आहे, हे तत्त्व लेखापरीक्षणातून नव्हे, तर प्राणहानीनंतर मान्य झाले. उत्तरदायित्वाच्या कोणत्याही व्यवस्थेवर याहून कठोर टीका संभवत नाही.

१९९२ साली नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आल्यावर कर घेणारी व निवडून आलेली संस्था या शहरास लाभेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. जकातीऐवजी उपकराची पद्धती स्वीकारून या पालिकेने राज्यात वेगळा पायंडाही पाडला. उपकराच्या जागी २०१३ साली स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्या उत्पन्नाची जागा राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईने घेतली. या कराच्या दरांविषयीच्या शिफारशी वस्तू व सेवा कर परिषदेत होतात. तेथे मतांचे एकतृतीयांश वजन केंद्राचे, दोनतृतीयांश सर्व राज्यांचे मिळून, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत लागते. वाशीतील व्यापाऱ्याने दिलेला कर आणि वाशीतील रस्ता यांमधील संबंध त्यामुळे परोक्ष झाला. भरीस भर म्हणजे मे २०२० मध्ये पालिकेची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे राहिला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी असे संविधानाचा २४३-यू हा अनुच्छेद सांगतो. मालमत्ता कराची देयके मात्र या काळातही नियमितपणे निघतच होती.

‘आम्ही कर देतो, म्हणून आम्हास जाब विचारण्याचा अधिकार आहे’, हे विधान नागरी मध्यमवर्गात वारंवार ऐकू येते. त्यात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे, आणि काहीसे धोक्याचेही आहे. अधिकाराचा आधार कराची पावती मानली, तर ज्याची पावती मोठी त्याचा अधिकार मोठा, हे ओघानेच आले. वास्तविक अप्रत्यक्ष कर बांधकामावरील मजूरही भरतोच. आणि ज्याने शहरास पायाखालची जमीन दिली, त्या आगरी-कोळी कुटुंबाचे नाव करदात्यांच्या यादीत तळाशी असले, तरी शहराच्या जमाखात्यात ते पहिलेच होय.

तात्पर्य, सार्वजनिक सत्तेच्या उत्तरदायित्वाचे मूळ करात नसून त्या सत्तेने जे जे घेतले त्या सर्वांत आहे. कर हे घेण्याचे एक रूप झाले; जमीन हे दुसरे आणि अधिक अपरिवर्तनीय रूप. घेतलेला कर पुढील वर्षी कमी करता येतो. भराव घातलेले मिठागर परत देता येत नाही. म्हणून महामंडळाच्या ताळेबंदातील शिल्लक पाहताना गोखल्यांनी १९०२ साली विचारलेलाच प्रश्न विचारावा लागतो : ही शिल्लक कोणाच्या समृद्धीची साक्ष आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांना द्यावयाचे त्यांना ते नामंजूर करण्याचाही अधिकार असेल, तेव्हाच हिशेबास उत्तरदायित्व हे नाव शोभेल.