थर सारखाच, हिरड्या वेगवेगळ्या

तोंडात जंतू वाढतात, म्हणून हिरड्या सुजतात, म्हणून दात पडतात, असे आपण वर्गात शिकवतो. या वाक्यात 'म्हणून' दोनदा येतो. दोन्हींचे वजन सारखेच आहे का?

पहिल्याला भक्कम आधार आहे. हॅराल्ड लोए व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ऑरहूस येथे १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. सफाई सुरू होताच सूज ओसरली. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या 'म्हणून'ची परीक्षा लोए यांच्याच १९८६ च्या निबंधात आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांतील ४८० पुरुष मजुरांची ही पाहणी १९७० पासून १५ वर्षे चालली. दात घासण्याची नेहमीची रीत त्यांच्यात नव्हती, दातांचे उपचारही पोचले नव्हते. जवळजवळ सर्वांच्या दातांवर जीवाणूंचा जाड थर आणि हिरड्यांना सूज. दात किडण्याचे प्रमाण मात्र नगण्य. तेव्हा दात पडला तर दोष हिरड्यांच्या रोगाचाच. तरी सुमारे ८ टक्के मजुरांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत तो सुजेपुढे सरकलाच नाही. पस्तिशीपर्यंत दातावरची पकड पहिल्या गटात सरासरी ९ मिलिमीटर सुटली होती, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १ पेक्षाही कमी.

निबंधाचे मोल मोठे आहे. पण तो जसा उद्धृत केला जातो, त्याला आमची हरकत आहे. हे आकडे एका देशातील, एकाच व्यवसायातील पुरुषांचे आहेत. ते साऱ्या मानवजातीचे प्रमाण नव्हे. शिवाय थर डोळ्यांना सारखा दिसला म्हणून त्यातले जीवाणूही सारखेच, असे ठरत नाही. मोरोक्कोतील रबात येथे शाळकरी मुलांवर झालेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो. एका जीवाणूचा 'जेपी२' हा वाण, जो पांढऱ्या पेशींना मारणारे विष जास्त बनवतो, फक्त तो ज्यांच्या तोंडात होता त्यांना दोन वर्षांत रोग जडण्याचा धोका सुमारे १८ पट निघाला. त्याच जीवाणूचे फक्त इतर वाण असतील तर सुमारे ३ पट. हा वाण मुख्यतः उत्तर व पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. म्हणजे 'जंतू' हा एक शब्द पुरेसा नाही. कोणता जंतू आणि कोणाच्या तोंडात, हेही विचारावे लागते.

आणखी एक प्रश्न वर्गात चर्चेला घ्यावा. उपचारांवाचून रोग कसा वाढतो हे वर्षानुवर्षे पाहणाऱ्याचे, ज्यांना पाहिले त्यांच्याविषयी कर्तव्य काय?

मग त्या ११ टक्क्यांकडे बोट दाखवून ब्रश ठेवून द्यावा का? मुळीच नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही, आणि कळते तेव्हा सुटलेली पकड सहसा परत येत नाही. तंबाखूने धोका वाढतो हे तर पक्के आहे. दात स्वच्छ व्हावेत म्हणून मशेरी लावणाऱ्या घरांतील मुलांना हे जरूर सांगावे. फळ्यावर मात्र एक बाण काढून थांबू नये. जीवाणूंवाचून हा रोग होत नाही. पण केवळ ते असणे पुरत नाही. आवश्यक आणि पुरेसे यांतला फरक शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठले? ते प्रत्येकाच्या तोंडातच आहे.