कर्त्यावाचून वाक्य

इंदापूर तालुक्यातील कळंब येथे शेठ वालचंद हिराचंद यांनी उसाचे मळे उभे केले, १९३४ च्या सुमारास साखर कारखाना काढला, आणि वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. पुढे तेथेच साखर कारखान्यांची यंत्रे आणि त्यानंतर अणुभट्ट्यांचे व अग्निबाणांचे भागही घडू लागले. दरम्यान १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला आणि मळे १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. एका पिढीत इतकी स्थित्यंतरे झाली. ती कामकऱ्यांस कोणी, कोणत्या शब्दांत सांगितली? आमच्या वाङ्मयात याचा शोध घेणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. गं. दे. खानोलकरांनी वालचंदांचे चरित्र लिहिले. परंतु नायकाभोवती फिरणे हा चरित्राचा धर्मच असल्याने त्याबद्दल आम्ही दोष देत नाही.

दोष आहे तो कारखान्याच्या फळ्यावर लागणाऱ्या गद्याचा. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अमुक खाते बंद करण्यात येत आहे.’ कळवितो कोण? बंद करतो कोण? वाक्यास कर्ताच नाही! सरकारी कचेरीतून आलेली ही वाक्यरचना कागदोपत्री सोयीची असेल. पण वसाहतीत ज्याचे घर, मुलांची शाळा व दवाखाना ही सारी त्याच नोकरीवर अवलंबून आहेत, त्याला ती पावसाच्या वर्दीसारखी वाटते. पावसाला जाब विचारता येत नाही. जबाबदार माणूस वाक्यात सापडला नाही म्हणजे लोक तो कुजबुजीत शोधू लागतात.

मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली हेच दिसले. काही गिरण्यांनी विणकरास दोनांऐवजी तीन माग सांभाळावयास लावले. परदेशी मालाशी स्पर्धा होती हे खोटे नव्हते. परंतु तिसऱ्या मागामुळे घरी बसणाऱ्याचे काय, हा साधा प्रश्न अनुत्तरित राहिला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते, आणि मग फॉसेट समितीपुढे ज्या गोष्टींचा खल झाला, त्यांपैकी पुष्कळ आधीच समोरासमोर बोलता आल्या असत्या, असे आमचे मत आहे.

उलट उदाहरण किर्लोस्करवाडीचे. तेथे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि कारखान्याचे हे पत्र पाहता पाहता मराठी घरांतील मासिक झाले. शंकरराव किर्लोस्कर संपादक होते. बोलणारा कोण हे वाचकास ठाऊक असे. अर्थात मालकाच्या पत्रात मालकाविरुद्धची तक्रार छापून येणे दुर्मीळच, हेही विसरता कामा नये. विश्वासास दुसरी बाजू बोलण्याची जागा लागते, आणि ती गृहपत्रिकेत क्वचितच असते.

मग सूचना कशी असावी? ‘मी हे खाते अमुक तारखेस बंद करणार आहे. चाळीस जणांचे काम बदलेल. घरे कोणाचीही जाणार नाहीत. पगाराचे अद्याप ठरलेले नाही. येत्या सोमवारी तुमचे ऐकून मग ठरवीन.’ खाली सही. यात अलंकार नाही, गोड आश्वासनही नाही. ‘अद्याप ठरलेले नाही’ हे वाक्य लिहावयास अधिकाऱ्यास सर्वांत जड जाते, आणि वाचणारा नेमका त्याच्यावरच विश्वास ठेवतो. ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य मात्र आम्हांस अशा कागदावर नकोसे वाटते. कुटुंबात कोणाला नोटीस देऊन काढीत नाहीत.