नाव फुलाचे, रसायन कारखान्याचे

वजन घटवणाऱ्या आणि व्यायामाचा जोर वाढवणाऱ्या सप्लिमेंटच्या डब्यांवर 'नैसर्गिक' हा शब्द ठळक अक्षरांत असतो. या शब्दाआड काय दडू शकते, याचे डीएमएए हे बोलके उदाहरण आहे.

अमेरिकेतील एली लिली कंपनीने १९४०च्या दशकात हे रसायन चोंदलेल्या नाकावर हुंगण्याचे औषध म्हणून आणले. रक्तवाहिन्या आकुंचित करणे हा त्याचा गुण. त्यामुळे नाक मोकळे होते. पण तेच रसायन पोटात गेले की रक्तदाब चढतो. १९८३ साली या औषधाची मान्यता संपली. पुढे २००४ साली अमेरिकेत इफेड्रा या उत्तेजक वनस्पतीच्या सप्लिमेंटवर बंदी आली आणि २००६च्या सुमारास डीएमएए त्या जागी पुन्हा अवतरले, या वेळी जिरेनियम फुलझाडाचा अर्क म्हणून.

फुलच का? अमेरिकेच्या १९९४च्या कायद्यानुसार वनस्पतीतील घटक सप्लिमेंटमध्ये चालतो आणि विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करून मान्यता घ्यावी लागत नाही. म्हणजे फुलाचे नाव ही केवळ जाहिरात नव्हती, ती कायद्यातली पळवाट होती. अनेक प्रयोगशाळांना जिरेनियमच्या तेलात हे रसायन सापडलेच नाही. २०१२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दहा कंपन्यांना इशारापत्रे पाठवली. २०१९ साली अपील न्यायालयानेही फुलाचा युक्तिवाद फेटाळला. तोवर डबे वर्षानुवर्षे विकले गेले होते. आधी विक्री, मग तपासणी हा क्रमच आम्हांला मुळात चुकीचा वाटतो.

समजा, फुलात ते अंशमात्र असते, तरी काय सिद्ध झाले असते? धोतराही नैसर्गिकच आहे. प्रश्न उगमाचा नसून मात्रेचा आणि परिणामाचा आहे.

दुसरी लबाडी नावांची. एका डब्यावर '१,३-डायमिथिलअमाइलअमाइन', दुसऱ्यावर 'मिथिलहेक्झेनअमाइन', तिसऱ्यावर नुसते 'जिरेनियम अर्क'. वाचणाऱ्याला ही तीन द्रव्ये वाटतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला पहिल्या नावाची रचना काढायला सांगावी. पाच कार्बनची साखळी, पहिल्या कार्बनवर अमाइन, पहिल्या आणि तिसऱ्यावर मिथिल. आता सर्वांत लांब साखळी मोजावी. ती सहा कार्बनची निघते आणि नाव होते ४-मिथिलहेक्झेन-२-अमाइन. रेणू एकच!

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांपूर्वी अनेक भारतीय खेळाडू याच द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळले. त्याच वर्षी ते जागतिक निषिद्ध यादीत नावानिशी आले होते.

नामकरणाचे नियम आपण परीक्षेतील चार गुणांसाठी घोकून घेतो, ही आपल्या अध्यापनावरचीच टीका समजावी. आपले विद्यार्थी आज व्यायामशाळेत जातात, डबे विकत घेतात. फळ्यावरची ती साखळी त्यांच्या हृदयाशी जोडलेली आहे, हे त्यांना वर्गातच कळायला हवे.