पुरवणी-भागांची कला

दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांच्या दोन हंगामांमधल्या रिकाम्या काळात, किंवा एखाद्या महोत्सवी भागाच्या तोंडावर, मिनिटभरापासून अठरा-वीस मिनिटांपर्यंतचे जे छोटे पुरवणी-भाग गेल्या दोन दशकांत निर्माण झाले, त्यांच्याकडे समीक्षकांनी बहुधा जाहिरातीचा एक प्रकार म्हणूनच पाहिले. आणि त्यांतील बरेचसे भाग खरोखरच जाहिरातीच्या योग्यतेचे असल्यामुळे या उपेक्षेला सबळ कारणही मिळाले. तथापि या सामान्य राशीत चार-दोन कृती अशा आहेत, की ज्यांचा स्वतंत्र नाट्यकृती म्हणून विचार केल्यावाचून या मालिकांचा कोणताही इतिहास पुरा होणार नाही, अशी माझी धारणा आहे. हा कलाप्रकार केव्हा फुलतो आणि केव्हा सुकतो, हे मला दोन गोष्टींवर अवलंबून दिसते: मूळ मालिकेच्या विस्तारात हरवून जाणारा एखादा एकच पेच त्याच्या वाट्याला येतो की नाही, आणि तो लिहिणाऱ्याला लेखकाचा पूर्ण हक्क मिळतो की नाही.

ब्रिटनच्या बी.बी.सी.ने २००६ साली ‘डॉक्टर हू’च्या एका हंगामासाठी मोबाइलवर पाहण्याजोगे १३ ‘टार्डिसोड’ काढले. सुमारे मिनिटभराच्या या तुकड्यांत पुढच्या भागाची उत्कंठा वाढवण्यापलीकडे काही नव्हते, आणि त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजनही नाही.

मात्र त्याच वर्षी अमेरिकेतील ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने हीच छोटी चौकट हाती घेतली आणि तिचे सामर्थ्य उघड झाले. दुसरा हंगाम संपला तेव्हा मानवजातीचे उरलेसुरले लोक न्यू कॅप्रिका नावाच्या ग्रहावर वसले होते आणि सायलॉन यंत्रमानवांनी त्या वसाहतीवर आपला अंमल बसवला होता. तिसरा हंगाम उघडतो तो या पारतंत्र्याचे कित्येक महिने लोटल्यावर. मधली पोकळी ब्रॅडली थॉम्प्सन आणि डेव्हिड वेडल यांनी ‘द रेझिस्टन्स’ या १० तुकड्यांच्या पुरवणीत भरली, आणि त्यासाठी त्यांनी मालिकेतील थोरामोठ्यांना बाजूस ठेवून डक आणि जॅमर हे मुख्य कथेच्या काठावरचे दोन मित्र निवडले, यातच त्यांची कलादृष्टी दिसते. देवळात शस्त्रे लपवली जातात, तेथील सायलॉनांच्या हल्ल्यात डकची पत्नी नोरा मारली जाते, आणि एकाच दुःखातून दोघांच्या वाटा फुटतात: सुडाने पेटलेला डक घात करण्याच्या इराद्याने परकीयांच्या पोलिसदलात नाव नोंदवतो, तर आणखी निरपराध मरू नयेत या भल्या हेतूने जॅमर शत्रूच्या बोलण्याला वश होतो. पुढे मुख्य मालिकेत डक पोलिसांच्या समारंभात स्वतःसकट स्फोट घडवतो, आणि मुक्तीनंतर जॅमरला त्याचेच सोबती एका गुप्त न्यायासनापुढे उभा करून मृत्युदंड देतात. ज्याने पुरवणी पाहिली नाही त्यालाही हे दोन्ही प्रसंग समजतात. परंतु ज्याने पाहिली आहे त्याला जॅमरचा मृत्यू पाहताना न्याय झाला की अन्याय, याचा फैसला सहजासहजी करता येत नाही, आणि प्रेक्षकाच्या मनाची ही अस्वस्थता हेच या छोट्या कृतीचे खरे यश होय.

दुर्दैवाने, ज्यांनी हे यश मिळवले त्यांच्याच मेहनतान्यावरून मोठा वाद उभा राहिला. हे तुकडे केवळ जाहिरातीचे साहित्य असल्याने त्यांच्या लेखकांना पुनःप्रक्षेपणाचा मोबदला किंवा श्रेय देणे आपल्यावर बंधनकारक नाही, असा पवित्रा एन.बी.सी. युनिव्हर्सलने घेतला; मालिकेचा सूत्रधार रोनाल्ड मूर याने त्याला विरोध केला, आणि करारनामा झाल्याखेरीज असे भाग लिहू नयेत, असे लेखकसंघाने आपल्या सभासदांना कळवले. पुढे ५ नोव्हेंबर २००७ पासून १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत अमेरिकेतील पटकथालेखकांनी जो संप केला, त्यात इंटरनेटवरील लेखनाच्या मोबदल्याचा प्रश्न अग्रभागी होता. पाच मिनिटांचे नाट्य लिहायला मोठ्या भागाइतकेच, कित्येकदा अधिकच, कौशल्य लागते. तेव्हा त्याला जाहिरातीच्या खात्यावर टाकणे हा कलेच्या स्वरूपाविषयीच घोर गैरसमज होता, आणि लेखकांनी त्याविरुद्ध उभे राहून या प्रकाराची प्रतिष्ठा राखली, असे मी मानतो.

संपानंतर, २००८ च्या डिसेंबरात, त्याच मालिकेची ‘द फेस ऑफ द एनिमी’ ही पुरवणी आली. जेन एस्पेन्सन आणि शेमस केव्हिन फेही यांनी लिहिलेल्या या कथेत भरकटलेल्या लहानशा यानात, प्राणवायू घटत असताना, अधिकारी गेटा याला आपल्या पूर्वायुष्यातील एक भयंकर सत्य उमगते: पारतंत्र्याच्या काळात सुटका व्हावी म्हणून ज्यांची नावे त्याने एका सायलॉन स्त्रीकडे विश्वासाने दिली होती, त्यांची सुटका तिने केलीच नव्हती, ती माणसे तिच्याकडून मारली गेली होती. बंद जागा, मोजकी पात्रे, सरत जाणारा वेळ, या मर्यादा येथे अंगभूत झाल्या आहेत, आणि चांगल्या एकांकिकेत असतो तसा रसाचा घट्टपणा या कृतीला त्यांच्यामुळेच लाभला आहे. मुख्य मालिकेत गेटा पुढे बंड पुकारतो, त्यामागे हे ओझे किती आहे, हे केवळ पुरवणी पाहणाऱ्यालाच ठाऊक असते. इतका मर्माचा धागा मुख्य ग्रंथाबाहेर ठेवणे उचित होते काय, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे, परंतु तुटलेला पाय आणि थोडक्यात टळलेला मृत्युदंड ही बंडाची कारणे मालिकेत आधीच आलेली असल्याने मूळ कथा लंगडी पडत नाही, एवढे लेखकांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

‘डॉक्टर हू’ने टार्डिसोडांची उणीव १४ नोव्हेंबर २०१३ रोजी व्याजासह भरून काढली. मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी भागाच्या नऊ दिवस आधी, कोणतीही पूर्वसूचना न देता, स्टीव्हन मॉफॅट याने लिहिलेला ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ हा सुमारे सात मिनिटांचा भाग प्रसृत झाला आणि १९९६ च्या एका चित्रपटानंतर डॉक्टरच्या भूमिकेत श्राव्य नाटकांतच वावरलेला पॉल मॅगन पडद्यावर परतला. या पुनरागमनाचा आनंद मोठा होताच. परंतु या भागाचा कणा आहे तो कोसळत्या यानातील कॅस नावाच्या तरुणीचा नकार. आपल्याला वाचवायला आलेला मनुष्य टाइम लॉर्ड आहे, म्हणजे विश्वाची राखरांगोळी करणाऱ्या युद्धातील एका पक्षाचा आहे, हे कळताच ती त्याचा हात झिडकारून मरण पत्करते. अर्ध्या शतकाच्या मालिकेत नायकाच्या नैतिक अधिकारावर इतका थोडक्यात आणि इतका निरुत्तर करणारा आघात क्वचितच झाला असेल. त्या आघातानेच डॉक्टर पुढे योद्ध्याचे रूप मागून घेतो, आणि सात मिनिटांत एका व्यक्तिरेखेचे जीवित पूर्णत्वास जाते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : शॉर्ट ट्रेक्स’ने या प्रकाराला स्वतःच्या नावाची मालिकाच मिळवून दिली. तिचे दोन हंगामांत १० भाग झाले. त्यांतील शेवटचा ‘चिल्ड्रन ऑफ मार्स’ दोन शाळकरी मुलींचे भांडण फारसे न बोलता रंगवतो आणि तरीही येऊ घातलेल्या ‘पिकार्ड’ या मालिकेची नांदी होण्यावरच थांबतो. सर्वांत श्रेष्ठ ‘कॅलिप्सो’. कादंबरीकार मायकेल शेबॉन याच्या लेखणीतून उतरलेल्या या कथेत ‘डिस्कव्हरी’ हे निर्मनुष्य जहाज जवळजवळ हजार वर्षे एकाच जागी थांबले आहे. त्या एकांतात जाणीव पावलेली झोरा ही यंत्रबुद्धी क्राफ्ट नावाच्या भटकलेल्या सैनिकाला आसरा देते, त्याच्या सहवासात रमते, आणि घरी त्याची बायको-मूल वाट पाहत आहेत हे जाणून अखेर त्याला निरोप देते. ग्रीक महाकाव्यातील अप्सरेचे नाव घेऊन आलेल्या या कृतीत पडद्यावर मुख्यतः एकच मनुष्य दिसतो, दुसरे पात्र आहे तो केवळ एक आवाज, आणि त्या आवाजाच्या विरहाचे दुःख आपल्याला खरे वाटते. विज्ञानकथेतील करुणरसाचा इतका शुद्ध परिपोष मी पडद्यावर फारसा पाहिलेला नाही. त्या जहाजाला थांबण्याची आज्ञा कोणी आणि का दिली, हे शेबॉनने सांगितले नाही, आणि न सांगण्यात मोठे औचित्य होते. कारण झोराची प्रतीक्षा निष्कारण वाटते म्हणूनच तिची निष्ठा उदात्त वाटते. परंतु ३० मे २०२४ रोजी संपलेल्या ‘डिस्कव्हरी’ या मालिकेने आपल्या अखेरच्या भागात वृद्ध झालेल्या नायिका बर्नहॅमच्या तोंडून जहाजाला तेथे जाऊन थांबण्याचा हुकूम देवविला, क्राफ्टचे नावही आधीच उच्चारून टाकले आणि अठरा मिनिटांच्या त्या कथेला मुख्य मालिकेच्या जमाखर्चात बसवले. निर्मात्यांना यात कृतज्ञता दाखवायची होती, हे मला मान्य आहे. तरी ज्याला ‘कॅलिप्सो’ प्रथमच पाहायचे असेल त्याने ती त्या उपसंहाराच्या आधी आणि एकटीच पाहावी.