किल्ल्याची फेरी कोणाच्या अंगणातून जाते?

सावलीला घरी गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो: एवढी वर्षं शिकतेस, पण नेमकं करतेस तरी काय? माझं सोपं उत्तर असं: जुनी शहरं लोकांना कशी दाखवली जातात, याचा मी अभ्यास करते. यावर पुढचा प्रश्न येतो, की त्यात पीएचडी करण्यासारखं काय आहे? आजचा लेख त्याच प्रश्नासाठी.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. तुम्ही मूलवरून चंद्रपूरला कितीदा तरी गेला असाल. कोर्टाची तारीख, दवाखाना, कॉलेजचं काम, लग्नाची खरेदी. जटपुरा गेटातून ऑटो आणि मोटारसायकलींच्या मधून वाट काढताना वर कोरलेला सिंह आणि त्याच्याखालचा हत्ती बघायला सवड कोणाला असते? हेरिटेज वॉक, म्हणजे वारसा-फेरी, ती सवड देतो. सकाळी लवकर जमायचं, माहीतगार माणसाच्या मागून चालायचं, दरवाजे, बुरूज, देवळं, समाध्या बघायच्या, मधूनच एखाद्या बोळात शिरून जुन्या वाड्याचं अंगण बघायचं. दोन-तीन तासांत शहर 'कळतं'.

मी अशा बऱ्याच फेऱ्यांना गेले आहे. कोणती फेरी, कोण वाटाड्या, हे लिहीत नाही, कारण मुद्दा त्या माणसांचा नाही. नाटक बघून आल्यावर आपण परीक्षण लिहितो, पुस्तकावर लिहितो, तसं फेरीवर का लिहू नये? फेरीलाही सुरुवात असते, शेवट असतो, नायक असतात, गाळलेली प्रकरणं असतात. मिशेल द सेर्तो नावाच्या फ्रेंच विचारवंतानं १९८० साली शहरात चालण्याची तुलना बोलण्याशी केली होती. भाषा सगळ्यांची एकच, पण वाक्य ज्याचं त्याचं; तसंच रस्ते सगळ्यांचे, पण वाट ज्याची त्याची. त्याचा धागा धरून मी विचारते, की ही फेरी कोणतं वाक्य बोलते?

आधी तिचं देणं मान्य करते. चंद्रपूरचा परकोट अनेक वर्षं झाडोऱ्यात आणि कचऱ्यात बुडालेला होता. मार्च २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी तो साफ करायला घेतला आणि त्याच वर्षी 'मन की बात'मध्येही त्या कामाचा उल्लेख झाला. जो कोट लोकांना दिसतच नव्हता, त्याच्यावरून आज माणसं चालतात. हे श्रम झाले नसते, तर परीक्षण लिहायला माझ्यासमोर काही उरलंच नसतं.

आता कथेकडे येऊ. फेरीत सगळ्यात रंगते ती खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट. गोंड राजाच्या अंगावर खांडकं, म्हणजे गळवं झालेली. बल्लारपूरहून शिकारीला निघालेला राजा तहानेला झाला, झरपटच्या कोरड्या पात्रात त्याला एका खळग्यात पाणी सापडलं. त्या पाण्यानं तोंड-हातपाय धुतले आणि त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. राणी हिरातानीच्या ते लक्षात आलं, जागा शोधली गेली, अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे एका सशानं राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला आणि ससा जिथून जिथून धावला तिथून कोटाची रेघ आखली गेली. दरवाजाखाली उभं राहून ही गोष्ट ऐकताना खरंच मजा येते.

माझी तक्रार दंतकथा सांगण्याबद्दल नाही. ती सांगून झाली की तिच्याकडून काही विचारलं जात नाही, याबद्दल आहे. नीट बघा, या गोष्टीचा खरा नायक पाणी आहे. राजधानी बल्लारपूर सोडून इथे का आली, याचं उत्तर गोष्ट एका खळग्यातल्या पाण्यात शोधते. आणि चंद्रपूर आहे कुठे? एका बाजूला इरई, दुसऱ्या बाजूला झरपट. इरईला पूर आला की पाणी पठाणपुऱ्याच्या दिशेनं सरकतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे ज्या पाण्यासाठी शहर वसलं, त्याच पाण्याचा धाक त्याला आजही आहे. वाटाड्यानं ससा सांगून झाल्यावर कोटावरूनच नदीकडे बोट केलं, तर दंतकथा आणि आजचं शहर एका वाक्यात येतील. पण फेरी सशावर टाळ्या घेते आणि पुढे निघते.

दुसरी अडचण राण्यांची. चंद्रपूरच्या कथेत दोन राण्या आहेत. एक हिरातानी, खांडक्या बल्लाळशहाची, पंधराव्या शतकाच्या शेवटची. दुसरी हिराई, बीरशाहाची, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. दोघींमध्ये दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर. पण नावं सारखी, देवळं जवळजवळ, आणि फेरीत दोघी अर्ध्या तासाच्या आत येऊन जातात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोघींची एकच राणी होते, सोसणारी, नवऱ्याची काळजी घेणारी आणि देऊळ बांधणारी.

यात हिराईचं फार नुकसान होतं. बीरशाहाचा खून झाल्यावर तिनं रामशाहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असताना राज्याचा कारभार सांभाळला. बीरशाहाची समाधी तिनं बांधली, महाकालीचं देऊळही तिच्याच नावावर सांगितलं जातं. समाधीपाशी फेरी थांबते तेव्हा प्रेमकथा पुढे येते, पत्नीनं पतीसाठी बांधलेली वास्तू वगैरे. ते खरंच आहे, पण अर्धं. मारल्या गेलेल्या राजाची एवढी मोठी समाधी उभी करणं आणि मांडीवर दत्तक मुलगा घेऊन राज्य चालवणं, ही दोन्ही कामं मला राजकारणाचीही वाटतात. गादी रिकामी नाही, हे दगडात सांगायची गरज तिला पडली असणार. हा माझा अंदाज आहे, पण समाधीपुढे उभं राहून वाद घालण्याजोगा. फेरीत अशा वादाला जागा नसते.

आता अंगणाकडे वळू. जाहिरातीत 'लपलेली अंगणं', 'हरवलेले वाडे' असे शब्द असतात. लपलेली कोणापासून जी? त्या घरातली बाई रोज सकाळी तिथे सडा घालते, दोरीवर कपडे असतात, नळाची वेळ झाली की गुंड आणि बादल्या रांगेत येतात. तिच्या दृष्टीनं लपलेले तर आपण असतो, अचानक पंधरा-वीस जण कॅमेरे घेऊन प्रकट होणारे. तुळशीवृंदावन, लाकडी खांब, कोनाडे यांची माहिती सांगितली जाते. घर कोणाचं, किती भाऊ वाटण्या होऊन वेगळे झाले, छत गळतं का, हे मात्र कोणी सांगत नाही आणि सहसा कोणी विचारतही नाही.

तुलनेसाठी अहमदाबाद घेऊ, कारण आपल्याकडच्या पुष्कळ फेऱ्यांचा साचा तिथून आला, असं मला वाटतं. तिथल्या महानगरपालिकेची फेरी १९ नोव्हेंबर १९९७ ला सुरू झाली. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून ती निघते, पोळांमधून, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमधून जाते आणि जामा मशिदीपाशी संपते. मंदिर ते मशीद, ही वाटच एक विधान आहे. शहर दोघांचं आहे, असं ती न बोलता सांगते. वाटेत कवी दलपतरामांचं घर जिथे होतं तो चौकही लागतो, राजा-सुलतानांच्या ओळीत एक कवी येऊन बसतो. त्या फेरीतही त्रुटी आहेत, वस्तीतल्या माणसांच्या अंगणात डोकावणं तिथेही आहे. पण वाट विचार करून आखली आहे, हे पायांना कळतं. २०१७ मध्ये अहमदाबादला युनेस्कोनं जागतिक वारसा शहर म्हटलं.

चंद्रपूरची फेरी कोणतं विधान करते? माझ्या वाचनाप्रमाणे तिचं वाक्य असं: इथे राजे होते, त्यांनी भव्य बांधलं, आपण ते अतिक्रमणानं बिघडवलं, आता ते वाचवा. यातला तिसरा तुकडा मला सगळ्यात खटकतो, आणि तिथेच खरी जोखीम आहे.

परकोट केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती सांगते, की संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथे परवानगी लागते. एखादं देऊळ एकटं उभं असेल तर हा नियम समजतो. पण चंद्रपूरचा कोट सुमारे ११ किलोमीटर लांब सांगितला जातो आणि तो अख्ख्या जुन्या शहराभोवती फिरतो. ११ किलोमीटर गुणिले १०० मीटर: नुसती आतली बाजू धरली तरी साधारण एक चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अडीचशे एकर दाट वस्ती. बाहेरची बाजू वेगळीच. १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, पण करता येणं आणि परवानगी हातात पडणं यात किती हेलपाटे असतात, हे सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

म्हणजे ज्या भिंतीचा आपण सकाळी अभिमान बाळगतो, तिची किंमत रोज कोण भरतं? जिचं पडकं अंगण बघून आपण 'किती सुंदर' म्हणतो, ती बाई. तिचं घर कदाचित सौंदर्यासाठी जुनं ठेवलेलं नाहीच. वर मजला चढवता आला नाही, म्हणून ते जुनं आहे. कायदा चुकीचा आहे, असं मी म्हणत नाही. तो नसता तर कोट कधीच दगड-दगड होऊन घरांच्या पायात गेला असता. पण या कायद्याचं नावसुद्धा न घेता फेरीत 'अतिक्रमण' हा शब्द वापरणं मला अन्यायाचं वाटतं. खरंच बेकायदा बांधलेलं घर आणि कायद्यानं अडकलेलं जुनं घर, दोन्ही त्या एका शब्दात एकाच पोत्यात जातात.

लोराजेन स्मिथ या अभ्यासिकेनं २००६ मधल्या आपल्या पुस्तकात यासाठी एक कल्पना मांडली. तिला आपण 'अधिकृत वारसा-कथन' म्हणू. वारसा म्हणजे जुनं, भव्य, सुंदर आणि तज्ज्ञांनी ठरवलेलं. बाकीच्यांनी बघायचं आणि जपायचं. या चौकटीत तिथे राहणारा माणूस एक तर रखवालदार होतो, नाही तर गुन्हेगार. वारसदार होत नाही.

चंद्रपूरकडे ही चौकट मोडायचं साहित्य तयार आहे. चार दरवाजे सगळे सांगतात: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. त्यांचे फोटो निघतात. पण कोटाला खिडक्याही आहेत: चोर, विठोबा, हनुमान, बगड आणि मसण. दरवाजे मिरवणुकीचे आणि फौजांचे. खिडक्या पायी जाणाऱ्यांच्या. नावंच बघा, देवाला जाणारे, मेलेल्याला नेणारे, गुपचूप निघणारे. या नावांत राजा कुठेच नाही. उद्या कोणी फक्त खिडक्यांची फेरी काढली, तर तेच शहर वेगळं वाक्य बोलेल.

आणखी एक फेरी तर शहरात आधीपासूनच आहे. चैत्रात नांदेड, परभणीकडून, तेलंगणातून हजारो माणसं महाकालीच्या यात्रेला येतात. झरपट, अंचलेश्वर, महाकाली ही ठिकाणं त्यांना वाटाड्याशिवाय ठाऊक असतात, घरातल्या म्हाताऱ्यांकडून आलेली. रविवारची फेरी त्यांच्याबद्दल 'मोठी यात्रा भरते' एवढंच बोलते. पिढ्यान्‌पिढ्या या वाटा चालणारी माणसं माहितीचा विषय ठरतात, माहिती देणारी ठरत नाहीत.

सावलीच्या वाचकांसाठी एक कसोटी देते. उद्या आपल्या गावात अशी फेरी काढायची ठरली तर काय दाखवाल? परकोट नाही, समाध्या नाहीत. मात्र १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे झालं, गांधीजी स्वतः आले होते. चरखा संघाच्या खादीच्या कामानं हे गाव तेव्हा नकाशावर होतं. दाखवायला भव्य दगड नसेल, तर सूत कोण कातायचं, मजुरी काय मिळायची, माग कोणाच्या पडवीत होता, हेच विचारावं लागेल. सावलीत जे नाइलाजानं करावं लागेल, ते चंद्रपूरला आपखुशीनं करता येतं.

तेव्हा फेरीला जरूर जा. पैसे आणि वेळ दोन्ही वसूल होतात. फक्त जाताना तीन प्रश्न खिशात ठेवा आणि संधी मिळाली की वाटाड्याला आदरानं विचारा. पहिला, ही वाट अशीच का आखली? दुसरा, ज्या अंगणात आपण उभे आहोत तिथल्या माणसांना आधी विचारलं होतं का, आणि त्यांना यातून काय मिळतं? तिसरा, या घरापासून कोट किती मीटरवर आहे? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा वाटाड्याआधी घरातलंच कोणी उत्तर देईल. तिथे थोडं थांबा आणि ऐका.