आमच्या मृतांची साक्ष

1 ऑगस्ट 2025 रोजी ‘रांझणा’ (2013) या चित्रपटाची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ चित्रपटात नायक मरतो. नव्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याला डोळे उघडायला लावले. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी निषेध केला. हक्क आमचेच, असे निर्मितीसंस्थेने सांगितले. चर्चा कलावंताच्या हक्कापाशी थांबली. माझा प्रश्न पुढचा आहे. ज्याच्या हाती चित्र त्याच्या हाती मरणही असेल, तर आमच्या मृतांचे काय?

7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा दादरच्या राजगृहातून परळमार्गे चौपाटीवर गेली. नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. त्या फितीतला प्रत्येक माणूस त्या दिवशी त्या रस्त्यावर होता. हेच तिचे मोल.

यंत्राला तीच गर्दी मागा. ते अधिक स्पष्ट, अधिक रडवणारी गर्दी देईल. पण यंत्र काही पाहत नाही. लाखो जुन्या चित्रांवरून ते संभाव्य चित्र जुळवते. त्या लाखोंत आमची किती? जी आहेत त्यांत आम्ही बहुधा दयेचा विषय. मग यंत्राच्या गर्दीतला गिरणी कामगारही हात जोडून, मान खाली घालूनच येणार. प्रस्थापितांची जुनीच नजर नव्या वाटेने परत येते.

कल्पनेला माझा नकार नाही. जब्बार पटेलांच्या चित्रपटात (2000) मामुट्टी बाबासाहेब झाले, तेव्हा हा नट आहे हे प्रेक्षकाला ठाऊक होते. परळच्या चाळीतल्या पोराने या यंत्रावर महाडचे तळे जरूर उभे करावे. मात्र ही कल्पना आहे, हे चित्रावरच लिहावे.

कारण प्रश्न साक्षीचा आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मेली. जमाव टँकर पेटवणार होता, असा बचाव झाला. आनंद पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये चित्रणाच्या आधारेच त्याला जाब विचारला. उद्या बनावट चित्रांच्या पुरात असे खरे चित्रणही ‘यंत्राने बनवले’ म्हणून फेटाळले जाईल. ज्यांच्यावरचा अत्याचार मुळातच नाकारला जातो, त्यांना हे परवडणारे नाही.

तेव्हा नायगाव, परळ, लालबागच्या घरांतले मोर्चांचे, सभांचे फोटो गोळा करा. मूळ प्रत जपा. ती ओळखणारी म्हातारी माणसे आहेत तोवर मागे तारीख, जागा आणि प्रत्येकाचे नाव लिहून घ्या.